इस्त्रीच्या टेबलाचा शार्क

गुरुवार, २ तारीख

आज सकाळी हॉलवाल्याचा फोन आला आणि आमचा समुद्र आटला.

भिंगरीचा, म्हणजे माझ्या नातीचा, सातवा वाढदिवस ११ तारखेला आहे, शनिवारी. तिला तो ‘समुद्राखाली’ हवा होता. हॉलमध्ये निळे दिवे, फुग्यांचे मासे, सगळं ठरलं होतं. शाळेतल्या अकरा मुलांना पत्रंसुद्धा गेली, भिंगरीच्या स्वतःच्या अक्षरात: ‘समुद्राखाली या. पोहता आलं नाही तरी चालेल.’ आणि आज हॉलवाला सांगतो, वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली, छत खाली आलं, दोन महिने हॉल बंद. हॉल खरोखरच पाण्याखाली गेला.

चिरंजीव म्हणाले, “पुढच्या महिन्यात करू गं राणी.” भिंगरी म्हणाली, “चालेल.”

सात वर्षांच्या मुलीने रडावं, पाय आपटावेत, दार लावून घ्यावं. ‘चालेल’ म्हणू नये. माझ्या तोंडातून निघून गेलं, “समुद्र मी करते. इथेच. घरातल्या वस्तूंचा.”

“आई, तू कशाला दगदग करतेस? बाजारात तयार मिळतं सगळं,” चिरंजीव.

सूनबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला तीन वर्षांत लागलेला नाही.

हे गेल्यावर तीन वर्षांपूर्वी मी इथे राहायला आले. पहिल्याच आठवड्यात, सुनेला मदत म्हणून, तिचं स्वयंपाकघर माझ्या पद्धतीने लावलं. ती कामावरून आली, कपाटं उघडून पाहिली, “छान” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी घरभर लेबलं लावली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य आहे. तिथलं ते छोटं यंत्र घरीही आहे. टिकटिक-चीं करतं आणि लेबल बाहेर येतं. साखर, मीठ, मोठे चमचे, लहान चमचे, आणि प्रत्येकावर तारीख. “तारखेशिवाय नमुना म्हणजे नुसतं बाटलीतलं पाणी, आई,” असं तिचं म्हणणं. माझ्या हाताला येणाऱ्या कप्प्यांवरची अक्षरं तर दुप्पट मोठी. मला नीट टोचावीत म्हणूनच ना? या घरात चमच्यालाही त्याची जागा आहे. माझीच तेवढी ठरायची राहिली आहे.

परवा मंगळवारी ताईचा फोन आला होता. तिच्याकडची मागची खोली रिकामी झाली आहे. “ये माझ्याकडे. दोघी बहिणी भांडत बसू. १२ तारखेपर्यंत सांग, नाहीतर एका मास्तरणीला देते,” म्हणाली. मी अजून घरात बोललेले नाही.

हा वाढदिवस झाला की बघू. समुद्र जमला तर ठीक. फसला तर भिंगरीचं हसं होईल, आणि मग या घरात मी कशासाठी आहे हे मला तरी सांगता येणार नाही.


शुक्रवार, ३ तारीख

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये हस्तकलेच्या सिस्टर होत्या. दर वर्षी गॅदरिंगला त्यांना स्वर्ग उभा करावा लागे आणि बाजारातून काही आणायची मदरची परवानगी नसे. “मुलींनो, स्वर्गाला एक चादर आणि चार पिना पुरतात,” म्हणायच्या. उशांच्या अभ्र्यांचे देवदूत, झारीचा बिगुल, आणि वसतिगृहाच्या दुधाच्या पातेल्याचा चंद्र. पहिल्या ओळीतल्या पाहुण्यांना चंद्राला कडी दिसायची, पण कोणी बोलायचं नाही. सिस्टर तिकडेच बघत उभ्या असायच्या ना!

त्यांची मी पट्टशिष्या. स्वर्ग जमत होता, तर समुद्र का नाही जमणार?

जेवणानंतर घर रिकामं झालं. चिरंजीव त्यांच्या ऑफिसात (घरांचे नकाशे काढतात), सूनबाई प्रयोगशाळेत, भिंगरी शाळेत. मी स्वयंपाकघरात शिरले आणि पाणी निथळायची मोठी चाळणी उचलली. पालथी धरली की अस्सल जेलीफिश. न्हाणीघरातून आंघोळीच्या दोन प्लॅस्टिकच्या टोप्या घेतल्या. कपाटामागून फुगेवाल्या प्लॅस्टिकची गुंडाळी ओढली. सगळं माझ्या पलंगाखालच्या जुन्या सुटकेसमध्ये भरलं. सुटकेस पलंगाखाली सरकवताना छाती अशी धडधडत होती, जशी वसतिगृहात बिस्किटं लपवताना धडधडायची.

विचारून का घेतलं नाही? डायरीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते. ‘आई, ते तिथेच असू द्या’ हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं. दुसरं म्हणजे, मजा आली.

भिंगरी शाळेतून आल्यावर तिला विश्वासात घेतलं. सुटकेस दाखवली. तिने चाळणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “आजी, तू चोरलंस?”

“उसनं घेतलं.”

“सांगून?”

“नाही.”

“मग चोरलंसच,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत दोन दिवसांनी पहिल्यांदा दिवे लागले.

संध्याकाळी सूनबाई चाळणी शोधत होत्या. कप्पा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मी पेपर तोंडासमोर धरला. भिंगरीने माझ्या मांडीत तोंड खुपसलं. सूनबाई पेपरकडे बघत म्हणाल्या, “जाऊ दे. मिळेल.”

पेपर उलटा होता हे नंतर लक्षात आलं. तिच्या काही लक्षात आलं नाही.


शनिवार, ४ तारीख

सूनबाईंनी नवी चाळणी आणली. एक नाही, दोन! एकीचं काम असताना तिघी कशाला? ही मुलगी मला काटकसरी वाटायची. असो. आता जेलीफिशला बहिणी झाल्या. एक लगेच उचलली, एक बिचारीला ठेवली.


रविवार, ५ तारीख

सगळे घरात, त्यामुळे चोरी नाही. भिंगरीने आणि मी दार लावून यादी केली. ‘गोष्टी सांगतोय’ असं बाहेर सांगितलं.

छत्र्या चार: मोठ्या जेलीफिश, कडेला रिबिनी. कचऱ्याच्या हिरव्या पिशव्या: उभ्या कातरून शेवाळ. जुन्या सीड्या: माशांचे खवले. लाल झाकण आणि दोन सांडश्या: खेकडा. निळी चादर आणि टेबलफॅन: लाटा.

“आणि शार्क?” भिंगरीने विचारलं.

“शार्क हवाच का?”

“आजी, पत्रात लिहिलंय मी. ‘शार्क चावणार नाही.’”

मग शार्क शोधायला आम्ही घरभर फिरलो. सोफा फार जाड, झाडू फार बारीक. शेवटी मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं दिसलं. एका टोकाला निमुळतं होत गेलेलं. दोघी एकदमच थांबलो. त्याच्यावर करडं ब्लँकेट, पोटाशी पांढरा टॉवेल, आणि दातांना कंगवे. मी याआधी त्यावर शेकडो शर्ट इस्त्री केले असतील, पण तो मासा आहे हे कधी जाणवलं नव्हतं.

“आजी,” भिंगरी हळूच म्हणाली, “दोन वेण्या पण येणार आहे.”

दोन वेण्या म्हणजे हिच्या वर्गातली एक मुलगी. तिच्या वाढदिवसाला खरा जादूगार होता आणि खरं कबूतर. ती जे बोलते ते सोमवारी सगळा वर्ग बोलतो.

“ती हसली तर?”

“का हसेल?” मी म्हटलं. पण यादीत शार्कला आणखी चार दात वाढवले.


सोमवार, ६ तारीख

आजची लूट: वरच्या मजल्यावरच्या पंचकाकांचे कपड्यांचे चिमटे, एकोणीस. पंचकाका म्हणजे निवृत्त फुटबॉल पंच. माणूस अजून शिट्टी गळ्यात घालून भाजी आणायला जातो. त्यांच्या दोरीवरून चिमटे आमच्या गॅलरीत पडतात. पडलेले सहाच होते, हे खरं. बाकीचे तेरा पडण्याच्या बेतात होते.

आणखी एक. सूनबाईंनी चंदेरी फॉइलची अख्खी नवी गुंडाळी जेवणाच्या टेबलावर तशीच टाकली आणि कामावर गेल्या! जिच्या घरात पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असतात, ती फॉइल विसरते? वयाचा परिणाम असेल. चाळिशी जवळ आली ना. मी सुटकेसमध्ये ठेवून दिली. उघड्यावर राहिली असती तर खराब झाली असती.

झाडूपोछावाल्या मावशीही कामचुकार झाल्या आहेत. तीन दिवस माझ्या पलंगाखालून झाडू फिरवलेला नाही. एरवी मी ओरडले असते. सध्या गप्प बसणं सोयीचं आहे.


मंगळवार, ७ तारीख

ऑक्टोपसचा प्रश्न सुटला, आणि तोही शत्रूच्याच हातून.

सूनबाई सकाळी दारात खोकं घेऊन उभ्या. “आई, प्रयोगशाळेतले हे हातमोजे. मुदत संपली, फेकायचेत. निळे आहेत. तुमच्या खोलीबाहेर ठेवते, मावशी नेतील.”

“ठेव की,” मी साळसूद चेहऱ्याने म्हटलं.

माझ्याच खोलीबाहेर का, कचऱ्याच्या डब्याजवळ का नाही, हे काही विचारलं नाही. तिची पाठ वळली तशी खोकं आत. शंभर निळे हात! एकात हवा भरून तोंड बांधलं की पाच पायांचं काहीतरी तयार होतं. भिंगरीने मोजलं. “आजी, ऑक्टोपसला आठ लागतात.”

“हा अजून लहान आहे,” मी म्हटलं. तिला पटलं. मलाही.

ताईचा फोन आला. “ठरलं का?”

“रविवारी सांगते.”

“अगं, एवढा विचार कसला करतेस? तिथे तू त्यांची अडचण, इथे मी तुझी अडचण. जास्त बरं नाही का?”

मी हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच उभी राहिले. त्यांची अडचण. ती चुकीचं बोलली नव्हती.


बुधवार, ८ तारीख

पताकांसाठी कागद हवा होता. गॅलरीतल्या कपाटावर मोठमोठ्या कागदांच्या गुंडाळ्या असतात, चिरंजीवांचे जुने नकाशे. त्यातली एक काढली. फिकट निळसर रेषांचा, जाड, सुंदर कागद. समुद्रासाठीच जन्माला आल्यासारखा. दुपारभर बसून त्याचे बासष्ट त्रिकोण कापले आणि दोरीत ओवले. कात्री अशी सरसर चालत होती की सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती.


गुरुवार, ९ तारीख

आज मेले असते.

चहाच्या वेळी चिरंजीव गॅलरीतून ओरडत आले. “माझा दुसरा मजला कुठे गेला?”

मी म्हटलं, “काय?”

“दुसऱ्या मजल्याचा नकाशा! कपाटावर ठेवला होता, सर्वांत वर. त्यात जिना आहे, आई. सोमवारी मालक बघायला येणार आहेत. पहिला मजला आहे, तिसरा आहे. मधला नाही! लोक उडत जाणार का वर?”

माझ्या खोलीत, सुटकेसमध्ये, त्या जिन्याच्या बासष्ट पताका होत्या. आता सांगते, आता सांगते, असं मनात तीनदा म्हटलं. भिंगरी माझ्याकडे बघत होती. शाळेत आम्हा बिगर-ख्रिस्ती मुलींना कन्फेशन, म्हणजे पापाची कबुली, नसे. त्या तासाला आम्ही बाहेरच्या बाकावर बसून चिंचा खायचो. पहिल्यांदाच वाटलं, मलाही ते शिकवायला हवं होतं.

तेवढ्यात सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “अरे, तो माझ्याकडून गेला. काल चहा सांडला त्याच्यावर. लगदा झाला, फेकून दिला. सांगायचं राहिलं.”

“तू? चहा सांडलास?” चिरंजीव असे बघत राहिले जणू तिने बँक लुटली म्हणून सांगितलं.

“सांडतो कधीकधी. ऑफिसातून परत छापून आण. कॉम्प्युटरवर असेल ना?”

“असेल. पण तू? चहा?”

माझा जीव भांड्यात पडला. देव पाठीशी असतो म्हणतात ते असं. नेमका तिच्याही हातून काल चहा सांडावा, नेमका नकाशावरच! नंतर विचार केला, मग मी कापला तो कोरडा कसा? त्याच्या दोन प्रती असणार. त्या आर्किटेक्ट लोकांकडे प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती असतातच.

तरी मला थोडी कीव आली तिची. इतकी नीटनेटकी मुलगी, आणि नवऱ्यासमोर चूक कबूल करायची वेळ आली. रात्रीच्या जेवणात तिला लोणी जास्त वाढलं.


शुक्रवार, १० तारीख

उद्या. समुद्र मांडायचा कधी हा प्रश्न होता. पण नशीब बघा. सूनबाई सकाळी म्हणाल्या, “आई, उद्या आम्ही दोघं केक आणायला जातो, मग सँडविचचं सामान, बरीच कामं आहेत. नऊला निघू, एकपर्यंत येत नाही. तुम्हाला चालेल ना घरी?”

केकला चार तास! मी म्हटलं, “अगदी सावकाश या.”

“आणि ती मोठी शिडी मी बैठकीत आणून ठेवली आहे. दिवे पुसायचे होते, राहून गेले. तिला हात लावू नका, तुम्ही चढायचं नाही. पंचकाका दहाला येतील, ते पुसून देतील.”

दिवे आठवड्यापूर्वीच पुसले होते. पण मी वाद घातला नाही. पंचकाकांकडून काम कसं करून घ्यायचं ते मला माहीत आहे.

चिमट्यांचं मात्र त्यांना काय सांगावं?


शनिवार, ११ तारीख. सगळं संपल्यावर

पाय सुजलेत, चष्म्याच्या काडीला शेवाळ चिकटलंय, पण आज लिहिलं नाही तर उद्या मीच विश्वास ठेवणार नाही.

दहाला पंचकाका आले. बैठकीत दोरीवर स्वतःचे एकोणीस चिमटे मासे धरून लटकलेले पाहिले. खिशात हात घालून पिवळं कार्ड काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

“काका, शार्कचं शेपूट पडतंय, जरा धरा,” मी म्हटलं.

“पुढच्या वेळी लाल,” म्हणाले आणि शिडीवर चढले. माणूस एकदा चढला तो बारापर्यंत उतरला नाही. छताला छत्र्या त्यांनीच उलट्या टांगल्या. मी खालून ‘डावीकडे’ म्हटलं की ते शिट्टी वाजवून उजवीकडे सरकायचे.

साडेबाराला भिंगरीने पंखा लावला. निळी चादर फुगली, फॉइलचे मासे चकाकले, हिरवं शेवाळ हललं, चाळणीच्या भोकांतून टॉर्चचा उजेड भिंतीवर ठिपके ठिपके होऊन पोहायला लागला. सोफ्यामागून शार्क, जबडा उघडा, अकरा कंगव्यांचे दात. भिंगरी मध्ये उभी राहिली, तिने दोन्ही हात पसरले आणि जागच्या जागी गोल फिरली. तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. गेल्या दहा दिवसांत फिरली नव्हती.

एकला दोघं आले. चिरंजीव दारातच थांबले. “आई!” एवढंच म्हणाले. सूनबाईंनी सगळीकडे नजर फिरवली, एकेक वस्तू, जशा त्या प्रयोगशाळेत नळ्या मोजतात तशी. मला वाटलं, आता. आता म्हणेल, ‘माझी चाळणी.’

“दिवे छान पुसले गेले,” असं म्हणून ती केक ठेवायला आत गेली.

चारला मुलं आली. आधी सगळी दारात गर्दी करून वर बघत उभी. मग एकजण म्हणाला, “आईशप्पथ.” मग आत घुसली. आणि मग दोन वेण्या शार्कपाशी गेली. ब्लँकेटचं टोक उचललं. आत पाहिलं. स्पष्ट, घंटेसारख्या आवाजात म्हणाली,

“हा शार्क नाहीये. हे इस्त्रीचं टेबल आहे.”

सगळा समुद्र थांबला. मुलं शार्ककडे बघायला लागली, मग छत्र्यांकडे, मग हातमोज्यांकडे. आता सगळ्यांनाच दिसायला लागलं, छत्री ही छत्रीच आहे म्हणून. एकजण फिसकन हसला. भिंगरीचा खालचा ओठ आत गेला आणि मला माहीत होतं, आता ती ‘चालेल’ म्हणणार.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होते, देव जाणे. सिस्टरसारखी नुसती तिकडे बघत उभी राहिले असते.

“बरोबर!”

सूनबाई. पांढरा प्रयोगशाळेतला कोट घालून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. तो कोट कधी चढवला, कोणास ठाऊक. “पहिला नमुना ओळखला. शाबास. नाव?”

दोन वेण्या गोंधळली. नाव सांगितलं.

“तू आता मुख्य तपासनीस. इथला प्रत्येक प्राणी आधी दुसरं काहीतरी होता. कोण काय होता, ते शोधायचं. जो ओळखेल, तो त्याला लेबल लावेल.” आणि खिशातून ते यंत्र काढलं. टिकटिक-चीं. “शार्क. आधी: इस्त्रीचं टेबल. ११.” लेबल दोन वेण्यांच्या बोटावर चिकटवलं. “जा, लाव. नाकावर लाव. चावत नाही तो, पत्रात लिहिलंय.”

त्यानंतर जो कल्लोळ झाला तो मला लिहिता येणार नाही. अकरा मुलं आणि भिंगरी घरभर पळत होती. “हा खेकडा झाकण आहे!” “ह्याचे पाय सांडशी!” “काकू, ऑक्टोपस म्हणजे डॉक्टरचे हात!” “पाच पाय का पण?” “तो अजून लहान आहे!” हे भिंगरीने सांगितलं, कमरेवर हात ठेवून. रांग लागली लेबलांसाठी. एकाने पंचकाकांनाच लेबल लावलं, ‘पाणघोडा. आधी: काका.’ त्यांनी शिट्टी फुंकून त्याला लाल कार्ड दाखवलं, तर तो कार्ड घेऊन पळाला. दोन वेण्या शेवटी माझ्या मागे लागली, “आजी, आमच्या घरी पण करून द्याल? आमच्याकडे दोन इस्त्रीची टेबलं आहेत.”

तेवढ्यात चिरंजीवांचा आवाज. ते पताकांखाली मान वर करून उभे होते.

“हा माझा जिना आहे.”

मी केक कापायच्या सुरीकडे बघायला लागले.

“ही सातवी पायरी. हा कठडा. हे... ” ते बायकोकडे वळले. “चहा सांडला होता ना?”

सूनबाईंनी एका मुलाच्या हातावर लेबल लावलं, मग शांतपणे म्हणाल्या, “समुद्रात सांडला.”

चिरंजीव आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिले. मग हसत सुटले, इतके की खुर्चीत बसावं लागलं. खुर्चीवर फुगेवाल्या प्लॅस्टिकचं कासव होतं.

म्हणजे दोन प्रती नव्हत्या.

हे मला केक कापताना उमजलं. मेणबत्त्या विझल्या, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मी एकटी हात तसाच हवेत धरून उभी. तिला बुधवारीच कळलं होतं. माझ्यासाठी खोटं बोलली. पण कसं कळलं? मी इतकी सावध होते.


रविवार, १२ तारीख

सकाळी सगळं जागच्या जागी ठेवायला काढलं. कमीत कमी परत तरी नीट ठेवावं. छत्र्या स्टँडमध्ये, चिमटे पंचकाकांना (वीस. कुठून एक जास्त आला ते त्यांनीही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही). शार्कचं पुन्हा टेबल झालं, नाकावरचं लेबल मात्र भिंगरीने काढू दिलं नाही.

सुटकेस रिकामी करताना हातातून निसटून आडवी झाली. पलंगाच्या पायथ्याकडे जी बाजू असते, ती वर आली. ती बाजू मला कधी दिसत नाही. तिकडून फक्त मावशी झाडतात.

तिथे लेबल होतं. मोठ्या अक्षरांत, माझ्या कप्प्यांवर असतात तसल्याच, चष्म्याशिवाय वाचता येणाऱ्या:

‘आईंचा पसारा. कोणीही आवरू नये.’

आणि खाली तारीख. ३.

मी पलंगावर बसले. तीन तारखेला एकच चाळणी होती त्यात, आणि आंघोळीच्या दोन टोप्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून. मग ती दोन चाळण्या आणते, फॉइल विसरते, हातमोजे माझ्या दाराशी ठेवते, केकला चार तास लावते. आणि मी हिच्या वयाची कीव करत होते! मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि हसूही आवरेना. तोंडात पदरच कोंबला.

मग उठून स्वयंपाकघरात गेले. कप्पे उघडले. तीन वर्षं रोज वाचते आहे ही लेबलं. साखर. मीठ. आज थोडी लांब उभी राहून वाचली, चष्मा न लावता. सगळी वाचता आली.

संध्याकाळी पाचला ताईचा फोन. “काय ठरलं? मास्तरीण दारात उभी आहे.”

“दे तिला खोली.”

“म्हणजे येत नाहीस? अगं, तिथे असं काय आहे तुझं?”

“पसारा.”

“कसला पसारा? एक सुटकेस घेऊन गेली होतीस तू.”

“थांब,” मी म्हटलं, “वाचून दाखवते.” आणि तिला वाचून दाखवलं, तारखेसकट.

ताईने ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, “माझ्या सुनेला विचारते, हे यंत्र कुठे मिळतं.”

सगळ्या वस्तू आता आपापल्या जागी आहेत. एक सोडून. मघाशी सूनबाईंनी कप्पा उघडला, चाळण्या मोजल्या. एक, दोन. माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होते, या वेळी सरळ धरून.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “मिळेल.”

मिळेल कशी? पुढच्या वर्षी भिंगरीला चंद्रावर जायचं आहे.